सगुणाबाई साळुंकीचं स्मारक

एका जंगलात एक साळुंकी राहत होती. ती मेलेली होती, पण हे तिला बरेच दिवस कुणी सांगितलंच नव्हतं.

घाबरू नका, मुलांनो. ही भुताची गोष्ट नाही. भुतं बिचारी साधी असतात, चिंचेवर राहतात आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. ही बातमीची गोष्ट आहे, तेव्हा जरा सावरून बसा.

साळुंकीचं नाव सगुणाबाई. पिवळी चोच, पिवळे पाय, आणि आवाज असा खणखणीत की आसपासच्या झाडांना कोंबड्याची गरज पडत नसे. झऱ्याकाठच्या उंबराच्या ढोलीत तिचं घर होतं. नवरा कधीच गेला होता. एकुलता एक मुलगा दिगंबर परदेशात होता.

परदेश म्हणजे दूर उत्तरेला सूचिपर्णी वृक्षांचं एक रान. भूगोलाच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे, ज्याला तुम्ही पेनानं मिश्या काढता तेच. तिथले किडे आकारानं मोठे असतात असं ऐकून दिगंबर गेला, तिथेच त्यानं लग्न केलं आणि त्याला एक मुलगीही झाली. तिकडे बर्फ पडतं म्हणून तिचं नाव ठेवलं हिमा. सगुणाबाईनं आपल्या या नातीला अजून पाहिलं नव्हतं.

आणि मग एकदा निरोप आला. त्या काळी येणारेजाणारे पक्षी निरोप पोचवत. एका भोरडीनं उंबरावर बसून तो घडाघडा म्हणून दाखवला. "आई, येत्या थंडीत आम्ही तिघंही येतो. हिमाला तुझ्या मांडीवर ठेवायचंय."

झालं! त्या दिवसापासून सगुणाबाईला दुसरा विषय सुचेना. तिनं ढोलीतल्या जुन्या काड्या काढून टाकल्या. सावरीचा कापूस वेचून आणला. नात येणार, नात येणार, असं ती येणाऱ्याला सांगे आणि जाणाऱ्यालाही थांबवून सांगे. समोरच्या फांदीवर राहणारी ठकी खार तर तिला बघितलं की शेपटीनं कान झाकून घ्यायची.

आता या जंगलाची एक रीत तुम्हांला सांगायला हवी. नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही, आणि मग तुम्हीही बातमी द्यायला लागाल.

फाल्गुनात पळस फुलला की तिथे उणीदुणीचा सण येई. वर्षभरात ज्याला ज्याचं जे खुपलं असेल, ते त्या दिवशी त्यानं तोंडावर, सगळ्यांसमक्ष, मोठ्यानं ओरडून सांगायचं. सशानं वाघाला सांगायचं, बेडकानं सापाला सांगायचं, सुनेनं सासूलाही सांगायचं. ज्याला सांगितलं त्यानं चिडायचं नाही. त्यानं जागच्या जागी उताणं पडून मेल्याचं सोंग करायचं. मग सांगणाऱ्यानं त्याच्या अंगावर चिखल टाकून म्हणायचं, "मेलास, आता नवा हो!" आणि मध चाटवून त्याला उठवायचं. पुढची पौर्णिमा यायच्या आत चूक सुधारली नाही, तर पुढच्या सणाला अख्खं जंगल त्याच्यावर चिखल टाकणार.

असा हा सण. दिसायला फार चांगला नव्हता. चिखल कानात जायचा, आरडाओरड्यानं पाखरांची डोकी दुखायची. पण याच सणामुळे राजाच्या मेहुण्यानं भर दुपारी डरकाळ्या फोडणं सोडलं होतं, आणि माकडांनी दुसऱ्यांच्या घरट्यांत पाय घालणंही.

त्या वर्षी सगुणाबाई पहाटेपासून घसा खाकरत होती. कारण जंगलचे राजे वाघोबा महाराज यांनी वरच्या अंगाला झऱ्यात धोंडे टाकून स्वतःला डुंबायला डोह करून घेतला होता. खाली उंबरापाशी करंगळीएवढी धार येत होती.

माळावर सगळे जमले. सगुणाबाई एका वारुळावर चढली आणि तिनं तोंड उघडलं.

"वाघोबा! झरा अडवलात तुम्ही! तुम्ही पोटापर्यंत पाण्यात बसायचं आणि आम्ही चोच भिजवायलाही तरसायचं? माझी नात येणार आहे परदेशातून. ती काय तुमच्या अंघोळीचं पाणी पिणार?"

महाराज धाडकन उताणे पडले. महाराज मरत चांगले, त्यांना सराव होता. सशांनी आरोळ्या ठोकत त्यांच्यावर चिखल टाकला. एक ससा तर पोटावर चढून नाचला. "मेलात, आता नवे व्हा!" सगुणाबाईनं महाराजांना मध चाटवला आणि महाराज उठून म्हणाले, "धोंडे काढवतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ठकी खारीची पाळी आली. ती तडक सगुणाबाईसमोर येऊन उभी राहिली.

"सगुणे! पोराचं कौतुक ऐकून ऐकून कान किटले माझे! जगात काय तुलाच नात झालीय? माझ्या सहा पोरांची नावं तरी विचारलीस का कधी?"

खरं होतं ते. सगुणाबाई ओशाळली, आणि पडली. मुलांनो, काय पडली! मेल्याचं सोंग करण्यात तिचा हात धरणारं त्या जंगलात कुणी नव्हतं. डोळे पांढरे, चोच उघडी, एक पाय सरळ वर आणि दुसरा अर्धवट दुमडून किंचित थरथरता. तो थरथरता पाय ही तिची खासियत होती. वरून पळसाचं एक लाल फूल गळून नेमकं तिच्या छातीवर पडलं. मंडळी वाहवा करत राहिली.

नेमका तेव्हाच आकाशातून एक करकोचा चालला होता.

हा करकोचा सूचिपर्णी रानाचा नामांकित बातमीदार. 'गगनहाक' नावाची त्यांची मोठी बातमीसंस्था होती. एका डोंगरावर एक करकोचा एका पायावर उभा राहून ओरडे, ते ऐकून पुढच्या डोंगरावरचा ओरडे, आणि बातमी जगभर जाई. एका पायावर उभा असलेला खोटं बोलूच शकत नाही, अशी तिकडच्या प्राण्यांची समजूत होती. दर हिवाळ्यात तो या जंगलाच्या वेशीबाहेरच्या तळ्यावर येई, शेतातला हरभरा खाई आणि परत जाऊन जंगलाचा जाणकार म्हणून व्याख्यानं देई. जंगलात मात्र तो कधी गेला नव्हता. आत झाडं फार, पंख अडकतात. शिवाय आत गेलं की एकेक प्राणी वेगळा दिसायला लागतो आणि एकूण चित्र बिघडतं, असं त्याचं म्हणणं.

एरवी तो माघातच परत जाई. यंदा हरभरा छान आला होता, म्हणून रेंगाळला. आणि आता उंचावरून त्यानं पाहिलं ते हे असं. सगळं रान लालभडक, म्हणजे पेटलेलं. किंकाळ्या. वाघ चिखलात पडलेला आणि त्याच्या छातीवर ससा. माळभर प्रेतं. आणि मधोमध एक इवलीशी साळुंकी, उताणी, छातीवर रक्ताचा डाग.

वाईट नव्हता तो करकोचा, मुलांनो. त्याला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटता वाटता बातमीचं पहिलं वाक्यही सुचलं.

तरीही तो शिस्तीचा होता. खात्री करून घेतल्याशिवाय बातमी द्यायची नाही, असा त्यांचा नियम. म्हणून तळ्याकाठच्या बाभळीवर ऊन खात बसलेल्या सरड्याला त्यानं वरूनच हाक मारली. हा सरडा परदेशी पाहुण्यांचा दुभाषा, मार्गदर्शक आणि जंगलाच्या अंतरंगाचा माहितगार वगैरे होता.

"काय चाललंय हे?"

"सण आहे, साहेब."

करकोच्याचा चेहरा उतरला. "सण? सणाची एक बातमी मी मागं दिलीय. मोरांची."

सरड्यानं वर पाहिलं, साहेबांची चोच पाहिली, आणि तो हिरव्याचा राखाडी झाला. "म्हणजे नाव सण, साहेब. इथं असल्या गोष्टींना सणच म्हणतात."

"अरेरे! मेलेले किती?"

"किती चालतील?" सरड्यानं अदबीनं विचारलं.

करकोचा उत्तरेला गेला, डोंगरावर एका पायावर उभा राहिला, आणि गगनहाक घुमली. "धगधगतं रान! सशांचा उठाव! राजा चिखलात! आणि या सगळ्यात एका निष्पाप साळुंकीनं कुणाचं काय बिघडवलं होतं?"

सूचिपर्णी रान हळहळलं. अस्वलं हुंदके देऊन रडली. तिथल्या एका सुतारपक्ष्यानं झाडांच्या साली कोरून त्या साळुंकीचं चित्र काढलं, आणि ती चित्रं जागोजागी लागली. उताणी साळुंकी, एक पाय वर. खाली लिहिलेलं, 'अनामिका'.

दिगंबरनंही ते चित्र पाहिलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. ओळखलं नाही त्यानं. आईला उताणी झालेली त्यानं लहानपणी सणात पाहिली असणार, पण लहानपणच्या गोष्टी तिकडच्या थंडीत लवकर गोठतात. शिवाय त्या रानात त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. "तू कुठला?" असं विचारून उत्तर यायच्या आत लोक पुढे जात. आता सगळे त्याच्या झाडाखाली जमून विचारू लागले, "तुमच्याकडे असं का होतं?" पहिल्या दिवशी दिगंबर म्हणाला, "मला नक्की माहीत नाही." दुसऱ्या दिवशी त्याला थोडं माहीत झालं. पंधरवड्यात तो एका पायावर उभं राहायला शिकला.

आणि उंबरावर निरोप आला. "आई, आम्ही येत नाही. हिमाला असल्या ठिकाणी आणणं बरोबर नाही. तू घराबाहेर पडू नकोस."

कापूस सगुणाबाईच्या चोचीतच राहिला. तिनं लगेच निरोप धाडला. "अरे राजा, काही झालेलं नाही. उणीदुणीचा सण होता. पळस फुलला होता. विसरलास का? मी इथे मजेत बोरं खातेय."

उत्तर आलं, "आई, तू असं का म्हणतेस ते मला कळतं. खरं सांग, हे बोलताना तुझ्या शेजारी कुणी उभं आहे का?"

सगुणाबाईनं शेजारी पाहिलं. ती खरं बोलणारी बाई. तिनं कळवलं, "हो, ठकी उभी आहे."

दिगंबर काय समजायचं ते समजला. दुसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या भाषणात सांगितलं की तिकडे पाळत इतकी कडक आहे की आईला मुलाशीही मोकळं बोलता येत नाही.

पुढे एक भोरडी ते सालीवरचं चित्रच घेऊन आली. सगुणाबाईनं मान तिरकी करून ते बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"ठके, अगं, ही मीच की! हा पाय बघ!"

"तूच आहेस," ठकी म्हणाली. "पण थरथर नाही जमलेली."

सगुणाबाईला आधी थोडा अभिमान वाटला. परदेशात आपलं चित्र लागलं म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? मग आनंद झाला, कारण आता सगळा घोटाळा मिटणार होता. तिनं निरोप धाडला, "दिगू, ती मेलेली साळुंकी म्हणजे मीच आहे."

उत्तर फार लवकर आलं. "हो, आई. आपण सगळेच ती आहोत."

हे ऐकून सगुणाबाई ढोलीत जाऊन बसली. आपला मुलगा आपल्याशी बोलतोय की आपल्या चित्राशी, हे तिला कळेना, आणि तिला रडूही येईना.

इकडे वाघोबा महाराजांच्या कानावर गगनहाक गेली होती. महाराज खवळले. "आमच्या जंगलाची बदनामी! राजा चिखलात म्हणजे काय? मी माझ्या मर्जीनं पडलो होतो!" त्यांनी निषेध मोर्चा काढायला लावला. सगळ्या प्राण्यांनी गवताचा करकोचा करून त्याला चिखल फासला आणि घोषणा दिल्या. तेवढ्यात वरून एक दुसरा करकोचा चालला होता. त्यानं पुढच्या डोंगरावर जाऊन कळवलं, "हिंसाचाराची दुसरी लाट."

महाराज आणखीच भडकले. मग सरडा पुढे सरकला. तो आता महाराजांच्या पट्ट्यांसारखा पिवळाकाळा दिसत होता.

"महाराज, भांडून काय मिळणार? शोक करा. फार शोभून दिसेल तुम्हांला."

महाराजांनी करून पाहिला. तळ्याकाठी त्यांनी मान खाली घालून एक दिवस काढला. आणि गगनहाक घुमली, "शोकमग्न तरीही धीरोदात्त राजा!" ते शब्द महाराजांना इतके आवडले की त्यांनी मैनांचा एक जथा नेमला आणि रोज सकाळी डोहात डुंबताना ते म्हणवून घेऊ लागले. कालपर्यंत ज्या गगनहाकेला ते खोटारडी म्हणत होते, तिच्यावर आता कुणी शंका घेतली की ते नखं बाहेर काढत.

लवकरच दवंडी पिटली गेली. उणीदुणीचा सण बंद. या सणानं जंगलाची जगात अब्रू गेली. यापुढे त्या दिवशी माळावर जमायचं आणि अनामिकेच्या आठवणीत गप्प उभं राहायचं.

"आणि झरा?" सगुणाबाईनं विचारलं. पौर्णिमा होऊन गेली होती आणि धोंडे जागच्या जागीच होते.

"झऱ्याचं सणात बोलायचं असतं ना, सगुणाबाई?" सरडा गोड हसला. "आता सण कुठे उरलाय?"

ती त्याला चांगलं सुनावणार होती. पण त्यानंच पुढची बातमी सांगितली. सूचिपर्णी रानातून अनामिका स्मारक समिती येणार होती. पुढच्या फाल्गुनात माळावर पुतळा उभा राहणार होता. समितीचे अध्यक्ष होते दिगंबर, आणि ते सहकुटुंब येणार होते.

"हिमा?" सगुणाबाई टुणकन पुढे आली. "हिमा येणार?"

"येणार तर. फक्त एक आहे, सगुणाबाई. तुम्ही अनामिका आहात असं काही बोलू नका. ती मेलीच नाही असं कळलं तर समिती कशाला येईल? आणि समिती नाही आली, तर..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. सगुणाबाईला खऱ्याखोट्याची फार चाड होती, मुलांनो. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे फक्त एक लोकरीच्या गुंड्याएवढं पिल्लू होतं. "नाही बोलणार," ती म्हणाली.

फाल्गुन आला. पळस फुलला, पण करकोचे घाबरतील म्हणून माळाभोवतालच्या पळसांची फुलं माकडांकडून तोडून घेतली होती. समिती उतरली. दिगंबर जाडजूड झाला होता. सून तिकडचीच, शांत स्वभावाची. आणि तिच्या पंखाखालून हिमा बाहेर आली.

सगुणाबाईनं तिला चोचीनं गोंजारलं, हुंगलं, पुन्हा गोंजारलं. तिचे डोळे घळघळा वाहू लागले. दिगंबर हलक्या आवाजात समितीला म्हणाला, "बघा, काय काय सोसलं असेल हिनं."

माळावर पुतळा होता. दगडाची साळुंकी, उताणी, दोन्ही पाय काटकोनात वर. सगुणाबाईनं एकदाच तिकडे पाहिलं. "पाय चुकलाय," ती ठकीच्या कानात पुटपुटली. ठकीनं मान हलवली.

मग सगळं जंगल गप्प उभं राहिलं. वाघोबा महाराज पुढे, मान खाली. वर आकाशात करकोचा घिरट्या घालत होता. ऊन चढलं होतं.

"आजी," हिमा सगुणाबाईच्या पंखातून म्हणाली, "पाणी."

"थांब हं, सोन्या." सगुणाबाई तिला घेऊन हळूच झऱ्याच्या ओढ्याकडे गेली. ओढ्यात ओली वाळू होती. पाहुणे येणार म्हणून महाराजांनी डोह आणखी मोठा करून घेतला होता. सगुणाबाईनं वाळू उकरली. चोचभर गढूळ पाणी निघालं. हिमानं ते तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "आजी, पाणी," ती रडवेली होऊन पुन्हा म्हणाली.

सगुणाबाई तिला घेऊन परत माळावर आली, पुतळ्याच्या डोक्यावर चढली, आणि त्या शांततेत तिनं तोंड उघडलं.

"वाघोबा! झरा अडवलात तुम्ही! वर्ष झालं, धोंडे काढतो म्हणाला होतात! माझी नात दारात येऊन तहानेनं रडतेय! लाज नाही वाटत?"

आणि मग, मुलांनो, वाघोबा महाराजांचे गुडघे वाकले. सवय हो! पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यांचं अंग आपोआप उताणं व्हायला निघालं. सशांचे पंजे आपोआप चिखलाकडे गेले. कुणाच्या तरी तोंडून "मेलात, आता..." एवढं बाहेरही पडलं.

सरडा सरसरत महाराजांच्या कानापाशी गेला. महाराज सावरले. अर्धे वाकलेले गुडघे त्यांनी पुतळ्यासमोर टेकवले आणि डोळे मिटून घेतले. सशांनी पंजे झटकले.

वर उडणाऱ्या करकोच्याला नुसती किंकाळी ऐकू आली होती, शब्द नाहीत. तो डोंगराकडे झेपावला. "अनामिकेसाठी वृद्धेचा हंबरडा! राजाही गुडघ्यांवर!"

दिगंबर धावत आला. त्यानं आईला पंखात घेतलं. त्याचे डोळे भरले होते, आणि ते अश्रू अगदी खरे होते.

"आई, पुरे, पुरे. इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी कोण होती ती?"

"दिगू, मी झऱ्याचं बोलतेय रे! पाण्याचं! ऐक तरी!"

"हो हो. सगळं कळतं मला." तो तिला थोपटत राहिला. मग सुनेकडे वळून हळूच म्हणाला, "हिमाला इथे जास्त ठेवायला नको. तिच्या मनावर परिणाम होईल." सूनही काळजीनं म्हणाली, "खरंय."

सगुणाबाईला वाटलं होतं महिनाभर राहतील. ढोलीत कापूस होता, बोरं होती, निवडून निवडून ठेवलेले किडे होते. ढोली बघायलाही कुणी गेलं नाही. ऊन कलायच्या आत समिती उडाली. हिमा मागे वळून वळून बघत होती. "दर वर्षी येऊ, आई," दिगंबर वरून ओरडला, "अनामिकेसाठी!"

माळ रिकामा झाला. सगुणाबाई पुतळ्यापाशी एकटीच राहिली. फार वाईट वाटत होतं तिला. नात आली आणि तहानेली गेली, याहून वाईट आजीच्या नशिबी काय असतं? मग पुतळ्याशेजारी उताणी पडली. चोच उघडी, डोळे पांढरे, एक पाय वर आणि दुसरा अर्धवट दुमडून किंचित थरथरता. वाट बघत राहिली.

बऱ्याच वेळानं ठकी खार आली. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून तिनं चिमूटभर चिखल उचलला आणि सगुणाबाईच्या छातीवर ठेवला. "मेलीस, सगुणे," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आता नवी हो. ऊठ. मध आणलाय."

सगुणाबाईनं डोळा किलकिला केला. वर, खूप उंचावर, एक करकोचा चालला होता. तिनं डोळा पुन्हा मिटून घेतला.

"थोडी थांब, ठके," ती चोच न हलवता म्हणाली. "त्याला नीट बघू दे. मी मेलेली राहिले, तरच पोरं पुढच्या वर्षी येतील."

तात्पर्य, जे पेपरात नक्की येतं: आपण जिवंत आहोत की नाही हे आपलं आपण ठरवू नये, ज्याला लांबून दिसतं त्याला विचारावं. आणि तो मेलेले म्हणाला, तर वाद न घालता निदान पाय तरी नीट वर करावा.